टॉवरला दिसणारं घर

२८ नोव्हेंबर

जाऊबाई,

नमस्कार. वाकून केलाय, पण खुर्चीतूनच. दिवसभर टाइप करून कंबर धरली आहे, तेव्हा आशीर्वाद अर्धाच दिलात तरी तक्रार नाही.

तुमचं पत्र आणि भिंगरीने काढलेलं दुधाच्या गाडीचं चित्र मिळालं. गाडीला सहा चाकं आहेत आणि तुम्ही गाडीपेक्षा उंच आहात. मी ते माझ्या टेबलावर चिकटवलं, तर शेजारची म्हणाली, "ही कोण गं राक्षसीण?" मी म्हटलं, "ही माझी थोरली जाऊ. उजाडायच्या आत उठून अख्ख्या खोऱ्याचं दूध गोळा करते, गाडी स्वतः चालवते आणि वर माझी पोर, ही भिंगरी, सांभाळते." तिने चित्र पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाली, "चित्र बरोबर आहे म्हणजे."

आता खरी बातमी. आमच्या वरिष्ठबाईंनी काल सगळ्यांना उभं करून सांगितलं, की जूनपासून ज्यांच्या घरी चांगलं इंटरनेट असेल त्यांना घरी बसून काम करता येईल. डॉक्टर लोक यंत्रात जे काही पुटपुटून ठेवतात, ते कानाला लावून टाइप करायचं, एवढंच तर माझं काम. ते इथे बसून केलं काय आणि तिथे बसून केलं काय! मी धीर करून विचारलं, "घर म्हणजे कुठलंही घर का?" त्या म्हणाल्या, "चंद्रावरचं असलं तरी चालेल, लाइन तुटता कामा नये." मे संपायच्या आत त्या स्वतः तासभर लाइन तपासणार. कसोटीला उतरली तर उतरली, नाहीतर पुढची संधी वर्षाने.

जाऊबाई, तुम्हाला वेगळं सांगायला नको. खालच्या लॉन्ड्रीची वाफ पोरीच्या छातीत बसायला लागली, डॉक्टर म्हणाले हिला कोरड्या हवेत न्या, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही गाडी घेऊन दारात उभ्या होतात. हे बोटीवर, पोर तुमच्याकडे आणि मी रजा मिळत नाही म्हणून या खोलीत अडकलेली, असं दोन वर्षं चाललंय. फोन करायचा तर तुम्हाला तिला घेऊन खिंडीपर्यंत यावं लागतं, आणि तिथे आल्यावर बाईसाहेब फोनवर मुक्या होतात. मला नुसता तिच्या श्वासाचा आवाज येतो. तो स्वच्छ येतो, त्यातच मी समाधान मानते.

आपल्या घरी नेट येईल का हो? आलं तर मी जूनमध्ये तिच्याजवळ असेन.

तुमची धाकटी

९ डिसेंबर

धाकटे,

आशीर्वाद पूर्ण दिलाय. अर्ध्या मापाने द्यायची मला सवय नाही, दुधात नाही आणि यातही नाही.

तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी खिंडीत गाडी थांबवून इंटरनेटच्या कंपनीला फोन केला. तीनदा कट झाला. चौथ्यांदा त्या माणसाने विचारलं, "बाई, तुमच्याकडे रेंज नाही का?" म्हटलं, "असती तर तुम्हाला फोन कशाला केला असता?" तेव्हा कुठे त्याने माणूस पाठवायचं कबूल केलं.

माणूस म्हणजे मुलगीच आली. गुडघ्यापर्यंत बूट, पाठीवर पोतं. आम्ही तिला कंपनीवाली म्हणतो. चांगली आहे पोरगी, चिखलातून घराभोवती तीन चकरा मारल्या, कुरकुर नाही. पण बातमी काही गोड नाही. जमिनीखालची केबल पुलापर्यंत येऊन थांबली आहे. पुलाच्या अलीकडे आपण पाच घरं, आणि पाच घरांसाठी कंपनी पूल ओलांडत नाही.

दुसरा मार्ग आहे. ओढ्यापलीकडच्या डोंगरावर टॉवर आहे ना, त्यावरून बिनतारेचं नेट येतं. आपल्या छपरावर डिश लावायची. अट एकच, डिशला टॉवर दिसला पाहिजे. मध्ये काही आडवं आलं तर खेळ खलास. आणि आपलं घर खळग्यात! सासऱ्यांनी वारा लागू नये म्हणून मुद्दाम शोधलेली जागा. त्यांनी इतकी छान शोधली की वाराच काय, काहीच लागत नाही.

कंपनीवाली म्हणाली, यंत्र लावून बघायला एप्रिल उजाडेल, आधी बाकीच्या गावांचे नंबर आहेत. एप्रिलपर्यंत नुसतं बसून राहायचं? दिसतं की नाही एवढंच बघायचं ना? त्याला यंत्र कशाला लागतं?

भिंगरी मजेत आहे. तुझ्या पत्रातला राक्षसिणीचा भाग तिला वाचून दाखवला, तेव्हापासून ती मला घाबरल्याचं नाटक करते आणि दूध पीत नाही. हे तुझ्यामुळे.

थोरली

३० डिसेंबर

जाऊबाई,

"त्याला यंत्र कशाला लागतं" हे वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि देवाचं नाव घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदा हे वाक्य मी ऐकलं, तेव्हा तुम्ही गाडीचं इंजिन उघडून अंगणात मांडलं होतं. गाडी सुरू झाली हे खरं, पण दोन बोल्ट उरले होते, तेही खरं.

काय करणार आहात ते कळवा. आणि मोठ्या भाऊजींच्या पाठीची काळजी घ्या. सुतारकामातून पाठ गेली आहे, पण छपरावर चढायची हौस गेली नसणार.

भिंगरीला सांगा, दूध प्यायली नाही तर राक्षसीण नाही, मीच येईन. खरंच येईन, हेही सांगा.

धाकटी

२५ जानेवारी

धाकटे,

टॉवरला आपलं घर दिसतं. मी स्वतः टॉवरखाली उभी राहून पाहिलं.

ते असं झालं. कपाटाचा मोठा आरसा आम्ही काढला. म्हणजे यांनी काढला, चार स्क्रू, मी नुसती उभी होते. यांनी त्याला मागून फळी मारून दांडा बसवला. मी बजावलं, "छपरावर चढायचं नाही. अंगणातल्या शिडीवर दोन पायऱ्या, बस्स." आणि मी दुधाची फेरी उरकून गाडी सरळ डोंगरावर घेतली. ठरलं असं की ऊन टॉवरच्या बाजूला आलं की यांनी आरसा छपराच्या वर धरून हळूहळू हलवायचा, आणि मी वरून बघायचं.

वर वारा असा की उभं राहवेना. खाली बघते तर आपला खळगा म्हणजे बशीएवढा. ओढ्याकाठची उंच झाडं दिसली, नुसत्या काड्या, आणि त्यांच्यामागे काहीतरी करडं. म्हटलं, हेच घर की गोठा की खडक? तेवढ्यात त्या काड्यांच्या मधून लखकन चमकलं. पुन्हा चमकलं. अगं, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. वाऱ्याने आलं असेल, पण आलं. आपल्याच कपाटाचा आरसा, ज्यात बघून मी इतकी वर्षं केस विंचरले, तो मला डोंगरावरून खुणावत होता.

बरं, हे मला दिसलं तसं सगळ्या खोऱ्याला दिसलं. कोंबड्यांचा फार्मवाला बादली घेऊन धावत आला, त्याला वाटलं आग लागली. पुलाजवळची म्हातारी अजून म्हणते की तिला मोतीबिंदू झालाय. आणि घरी येऊन बघते, तर हे छपरावर! शिडीच्या दोन पायऱ्यांवरून आरसा वर पोचत नव्हता म्हणे. उतरता येईना म्हणून तिथेच बसून होते. फार्मवाल्याने आणि मी मिळून खाली घेतलं. आता आठवडाभर आडवे आहेत आणि तोंडावर असं समाधान, की जणू डोंगर यांनीच जिंकला.

कंपनीवालीला खिंडीतून कळवलं. ती खूप हसली आणि म्हणाली, "मावशी, मग माझं काम सोपं झालं. एप्रिलमध्ये येते तेव्हा डिश घेऊनच येते."

तेव्हा तुझं तिकडचं बघायला लाग.

थोरली

८ फेब्रुवारी

जाऊबाई,

मी तुमचं पत्र ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. सगळ्या मुली कानातले हेडफोन काढून ऐकत होत्या. शेजारची म्हणाली, "मला पण अशी जाऊ मिळेल का?" म्हटलं, "मिळणार नाही. एकच होती, ती आमच्या घरात आली."

खरं सांगू? मला तुमचं नवल वाटतं. मी रोज शंभर माणसांमध्ये बसते, हाताशी फोन आहे, नेट आहे, सगळं आहे, आणि साधा खोलीतला गळका नळ मला दुरुस्त करून घेता येत नाही. तुम्हाला काही हवं असलं की तुम्ही उठता आणि त्याच्यामागे लागता. आणि या वेळी ते माझ्यासाठी आहे.

मी वरिष्ठबाईंना नाव दिलं. त्यांनी तपासणीसाठी मेचा चौथा आठवडा लिहून घेतला. आणि घरमालकिणीला सांगून टाकलं की मेअखेर खोली सोडते. ती म्हणाली, "इतकी घाई?" दोन वर्षांनी तिला घाई वाटते!

भिंगरीला माझ्यासाठी पलंगाची कुठली बाजू ठेवायची ते आत्ताच विचारून ठेवा.

धाकटी

२ मार्च

धाकटे,

ती भिंतीकडची बाजू देणार नाही, तिथे तिचे दगड आहेत. तुला बाहेरची.

बाकी सगळं ठीक. गेल्या आठवड्यात गाडीच्या पायरीवरून घसरली, गुडघा खरचटला, विशेष काही नाही. पावलं मोठी झाली आहेत, बूट एक नंबर मोठे पाठव.

तुझा फोटो मी तिच्या उशाशी लावलाय. रोज तुझ्याबद्दल काहीतरी सांगते. सांगण्यासारखं संपलं की बनवून सांगते. तू एकदा कुत्र्याला घाबरून झाडावर चढलीस आणि उतरायला यांना शिडी आणावी लागली, असं मी सांगितलंय. आल्यावर सांभाळून घे.

कंपनीवाली एप्रिलच्या मध्यावर येते म्हणाली आहे. यांची पाठ आहे तशीच.

थोरली

२१ एप्रिल

धाकटे,

बूट बरोबर झाले.

कंपनीवाली येऊन गेली. थोडी अडचण आहे. विशेष नाही, पण तू खोली सोडायची घाई करू नकोस. घरमालकिणीला सांग की अजून ठरलेलं नाही. आणि या वर्षी नाहीच जमलं, तर पुढच्या वर्षी आहेच की. पोर इथे सुखात आहे, तिची काही काळजी करू नकोस.

सध्या वेळ मिळत नाही, म्हणून एवढंच.

थोरली

२९ एप्रिल

जाऊबाई,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. चार ओळींचं पत्र, त्यात "विशेष नाही" लिहिलंय आणि "पुढच्या वर्षी" पण लिहिलंय. अडचण विशेष नाही, तर वर्ष कशाला लागतं?

जानेवारीत टॉवरला घर दिसत होतं. तुम्ही स्वतः पाहिलंत. मग आता काय झालं? घर हललं की डोंगर?

मला खोटं बोलता येत नाही, म्हणून मनात आलं ते लिहिते. भिंगरी दोन वर्षं तुमच्याजवळ आहे. तिचे दगड, तिचे गुडघे, तिची पावलं तुम्हाला माहीत. घरात पोर असण्याची सवय झाली, की ते सोडणं जड जात असेल, ते मला समजतं. पण मी येणार म्हणजे तिला हिरावून नेणार असं नाही, मी तर तिथेच राहायला येते आहे. तरीही तुम्हाला ते नको असेल, तर तसं सांगा. कंपनीवालीच्या नावावर घालू नका.

मी तिची आई आहे. पुढच्या वर्षी ती आणखी एक नंबर मोठे बूट घालेल, आणि तेही मी टपालानेच पाठवायचे का?

धाकटी

८ मे

धाकटे,

तुला माझं हे पहिलंच पत्र. हात सुताराचा आहे, अक्षर समजून घे. तुझ्या जावेला न सांगता लिहितोय. तिला कळलं, तर पाठ आधीच गेली आहे, उरलेली हाडंही जातील.

तुझं २९ तारखेचं पत्र तिने गाडीजवळ उभ्यानेच वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं, पहार उचलली आणि वर चढावर गेली. तिथे एक खडक होता, चार दिवस तो हलत नव्हता. त्या संध्याकाळी फुटला. तेव्हा तुझ्या पत्राचा काही उपयोग झाला नाही असं म्हणता येणार नाही.

आता नीट सांगतो. आमची चूक झाली, आणि ती दोघांची आहे. आरसा चमकवला तो जानेवारीत, झाडांवर एक पान नव्हतं तेव्हा. काड्यांच्या मधून चमकलं आणि आम्ही नाचलो. एप्रिलमध्ये कंपनीवाली डिश घेऊन आली, छपरावर लावली, तर यंत्रात काहीच नाही. वर बघतो तर ओढ्याकाठ नुसता हिरवागार. टॉवर सोड, डोंगरसुद्धा दिसत नव्हता. जन्म गेला या झाडांखाली, आणि पालवी फुटते हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही! कंपनीवाली छपरावर बसून कपाळ बडवत होती. मी म्हटलं, दोन झाडं तोडू. तुझ्या जावेने असे डोळे वटारले, की मी विषय बदलला. ओढ्याचा काठ त्याच झाडांनी धरून ठेवलाय, आणि ती काही आपली एकट्याची नाहीत.

मार्ग एकच राहिला. घरामागच्या चढाच्या माथ्यावर खांब उभा करायचा, तिथून झाडांच्या शेंड्यांवरून टॉवर दिसतो. पण मग माथ्यापासून घरापर्यंत केबल आणायची. ती उघडी टाकली तर गुरं तुडवतील, म्हणून जमिनीखालून, पाइपातून. खांब आणि डिश कंपनीची, चर खणायचा ग्राहकाने, हा त्यांचा नियम. सध्या शेतांची नांगरणी चालू आहे, खोऱ्यात एक माणूस मोकळा नाही. खणणारे म्हणाले, पाऊस झाल्यावर बघू. माझी ही तऱ्हा.

तर ती खणते. सकाळची दुधाची फेरी, घरचं, पोरीचं, मग पहार आणि कुदळ. अर्धा चढ मातीचा आहे, तो लवकर झाला. उरलेला अर्धा खडक आहे. हातांना फोड आले, फुटले, त्यावर फडकी बांधून परत खणते. फार्मवाला एक दिवस मदतीला आला, दोन तासांत बसला आणि म्हणाला, "ही बाई आहे का काय आहे?" मी तिच्याशी लग्न केलंय, मला उत्तर माहीत होतं, पण मी सांगितलं नाही.

तुला कळवायचं नाही असं तिने मला बजावलं होतं. म्हणाली, "तिला कळलं तर रजा टाकून खणायला येईल आणि नोकरी घालवून बसेल. आणि चर वेळेत झाला नाही, तर निदान तिची खोली तरी हातची जायला नको." म्हणून ते चार ओळींचं पत्र. लिहायला तिला दोन संध्याकाळी लागल्या, खरं वाटेल का तुला?

आता जे सांगतोय ते सांगावं की नाही याचा मी बराच विचार केला. फेब्रुवारीत पोर गाडीच्या पायरीवरून पडली. गुडघ्यातून रक्त, रडून आकांत. हिने उचलली, तर तिने हिच्या गळ्याला मिठी मारली आणि "आई, आई" म्हणून रडायला लागली. हिने रक्त पुसलं, गुडघा बांधला आणि म्हणाली, "काकू म्हण. तुझी आई तिकडे आहे, ती येणार आहे." त्यानंतरही पोर अधूनमधून आई म्हणते. ही दर वेळी ओ न देता उभी राहते. पोर काकू म्हणाली, मगच ओ देते.

त्या दिवशी संध्याकाळी मला गोठ्यामागे सापडली. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, "मला ते फार गोड लागलं हो. इतकं की भीती वाटली. आणखी एक वर्ष गेलं, तर मी तिला सुधारणार नाही. म्हणून तिची आई याच वर्षी आली पाहिजे."

तू लिहिलंस की तिला सोडणं जड जात असेल. बरोबर लिहिलंस. पण तुला वाटलं तसं ते नाही.

चर घराच्या भिंतीपासून आता हाकेच्या अंतरावर आहे. कंपनीवाली पुढच्या आठवड्यात येते. हे पत्र मिळाल्याचं कळवू नकोस.

मोठे भाऊजी

२४ मे

जाऊबाई,

कालपासून आपण एकमेकींना स्क्रीनवर बघू शकतो, आणि तरी मी हे पत्र लिहायला बसले. कारण स्क्रीनवर मी हे बोलायला लागले की तुम्ही म्हणाल, "थांब, दूध उतू जाईल," आणि उठून जाल. पत्रातून उठून जाता येत नाही.

आधी कालचं. तुम्हाला तिकडून फक्त आमच्या वरिष्ठबाई दिसत होत्या. त्यांच्यामागे काय चाललं होतं ते मी सांगते. तासभर लाइन तपासायची म्हणजे तासभर कुणीतरी समोर बोलत राहायला हवं, हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तुम्ही मात्र बोललात. त्यांना गाय आटते कशी ते सांगितलंत, दुधात पाणी घातलेलं कसं ओळखायचं ते सांगितलंत, त्यांच्या गुडघ्याची चौकशी केलीत. ज्या बाईंना आम्ही वर्षानुवर्षं हसताना पाहिलं नाही, त्या तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. चित्र एकदाही अडलं नाही. तास झाला तरी त्यांनी बंद केलं नाही, आणखी पंधरा मिनिटं त्या तुम्हाला आपल्या सुनेबद्दल सांगत होत्या.

मग भिंगरी मध्ये घुसली. मी पुढे येऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले, सगळ्या मुली माझ्यामागे. तिने मला पाहिलं. मला वाटलं, आता ही फोनसारखी मुकी होणार. तिने सरळ विचारलं, "तू झाडावरून उतरलीस का?" जाऊबाई, अख्खं ऑफिस हसलं आणि मी रडले. तिचे दोन दात पडलेत, हे तुम्ही कळवलं नव्हतं. तिचा चेहरा लांबट झालाय. ती आता माझ्या आईसारखी दिसते. हे कुठल्याही पत्रात लिहून मला कळलं नसतं.

वरिष्ठबाईंनी तिथेच कागदावर सही केली. म्हणाल्या, "जा तू. आणि त्या तुझ्या जाऊबाईंना माझा नमस्कार सांग."

तुम्ही मग नेट कसं उत्तम आहे ते सगळ्यांना सांगायला हात हलवलात, आणि मला तुमचे तळवे दिसले. तुम्ही लगेच हात खाली घेतलेत. उशीर झाला, मी पाहिले.

मला चराबद्दल माहीत आहे. कुणी सांगितलं ते विचारू नका, आणि ज्यांनी सांगितलं त्यांना काही बोलू नका, त्यांची पाठ नाजूक आहे. २९ एप्रिलचं ते पत्र मी लिहायला नको होतं. तुम्ही ते खिशात ठेवून खडक फोडलात. मी तुमच्या जागी असते, तर तो कागद चुलीत घातला असता आणि कुदळ फेकून दिली असती. तुमच्याएवढं मोठं मन मी अजून कुणाचं पाहिलेलं नाही. मला ते साधणार नाही हेही मला माहीत आहे, पण त्याच घरात राहून जवळून बघायला तर मिळेल.

मला फेब्रुवारीतलंही माहीत आहे. गाडीच्या पायरीचं.

जाऊबाई, तुम्ही माझ्यासाठी डोंगर फोडलात, माझा फोटो तिच्या उशाशी लावलात, माझ्या नावाने खोट्या गोष्टी सांगितल्यात, आणि तिच्या तोंडी तो शब्द आला तेव्हा गप्प उभ्या राहिलात. का, तर तो माझा होता म्हणून. माझा आहेच. पण तो वाटला तर संपत नाही. तुम्ही तो जन्मभर ऐकलेला नाही, आणि ती तुम्हाला उगाच म्हणत नाही. लहान मुलं असं उगाच म्हणत नाहीत.

तेव्हा माझं एवढं ऐका. तिला सुधारू नका. मी येईपर्यंतही नाही आणि मी आल्यावरही नाही. तिने तुम्हाला आई म्हटलं, तर ओ द्या.

जूनच्या पहिल्या गुरुवारच्या गाडीने निघते. खिंडीत उतरेन.

तुमची धाकटी

२९ मे

धाकटे,

पत्राचं उत्तर पत्रानेच देते. स्क्रीनवर माझ्याकडून बोलणं होणार नाही.

खिंडीत मी गाडी घेऊन येईन. सामान जास्त आणू नकोस, मागे दुधाचे कॅन असतात. हेडफोन विसरू नकोस. तुझं टेबल यांनी केलंय, खिडकीजवळ. चालता येत नाही पण रंधा मारता येतो म्हणे. त्यांचा मला राग आलाय, पण टेबल फार सुरेख झालंय, म्हणून काही बोलले नाही. चर बुजवला, वर गवताचं बी टाकलं. फार्मवाल्याला आणि पुलाजवळच्या म्हातारीलाही नेट हवंय आता. म्हातारीचं म्हणणं, मोतीबिंदू नाही हे कळल्यापासून बघायला काहीतरी पाहिजे.

तुझं पत्र वाचून परवा फेरीला उशिरा निघाले. दारोदार लोक कॅन घेऊन उभे होते, सगळ्यांनी विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं.

काल संध्याकाळी मी वर माथ्यावर खांबाचे नट आवळत होते. पोर खाली अंगणात होती. तिथून तिने हाक मारली, तीच, दोनदा. मला सवयीने थांबावंसं वाटलं. मग तुझं आठवलं.

ओ दिली. इतक्या मोठ्याने दिली की हे घरातून बाहेर आले.

तेव्हापासून ती दिवसभर हाका मारते आहे, काम असो नसो. लवकर ये गं. एका आईला ती आवरत नाही.

थोरली